बारा मजल्यांचा जिराफ

३ जून

आत्या,

फोन का नाही केलास म्हणून चिडू नकोस. आमच्याकडे तुझा फोन लागला की बाबा स्पीकर लावतात, आणि मग तुझ्याशी मी नाही, तेच बोलतात. मी मागून "हो", "बरी आहे", "जेवले" एवढंच म्हणायचं. म्हणून पत्र. कागद कच्च्या कामाचा आहे, मागे गणितं आहेत. वाचू नकोस, त्यातलं एक चुकलंय.

बातमी अशी की दोन्हीकडे नंबर लागला. केमिकल इंजिनिअरिंग. दोन्हीकडे!

आता पंचाईत. दोन्ही कॉलेजांची नावं एवढी लांबलचक आहेत की आम्ही घरात एकाला आरसा म्हणतो आणि दुसऱ्याला जिना. आरसा म्हणजे ते, ज्याला समोरून अख्खी काच आहे आणि आत सहा मजले. तिथली लिफ्ट बाबांकडे आहे, दर गुरुवारी तेलपाणी करायला जातात. त्यांचं म्हणणं, त्या लिफ्टमध्ये उभं राहिलं की माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. जिना म्हणजे दुसरं. तीन मजले, आणि लिफ्टच नाही. बाबांच्या मते लिफ्ट नसलेली इमारत म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. म्हणजे बाबांचं मत तुला कळलंच.

माझं मला कळत नाही. एवढंच कळतं की शाळेत मी चोवीस प्रयोग वहीत काढले आणि एकही केला नाही. आकृत्यांना दहापैकी दहा. नळीला हात लावायच्या आधीच तास संपायचा. अजून चार वर्षं मला नुसत्या आकृत्या काढायच्या नाहीत गं.

तू दोन्ही कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी काचेची कामं करतेस. त्यांच्या प्रयोगशाळा तुला जेवढ्या माहीत असतील तेवढ्या त्यांच्या प्राचार्यांनाही नसतील. तूच सांग. २१ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत एकाला हो म्हणायचं, की दुसऱ्याचं दार बंद. मग रडून उपयोग नाही.

तुझी,
ठिणगी


७ जून

ठिणगे,

दोन्हीकडे! तुझं पत्र वाचता वाचता मी हातातली काचेची नळी ज्योतीत विसरले, ती लोंबून तिचं शेपूट झालं. ते शेपूट पाकिटात घातलंय. जपून काढ, टोचेल. अशी चूक माझ्याकडून नऊ वर्षांत झाली नव्हती, तेव्हा ठेवून दे.

आता ऐक. कोण किती शिकवतं ते मला माहीत नाही. मला फक्त माझ्याकडे काय फुटून येतं ते माहीत आहे. आणि फुटलेली काच खोटं बोलत नाही.

जिन्याकडून दर महिन्याला पेटी येते. दर महिन्याला! उघडली की मी आधी खुर्चीत बसते. बुडं गेलेले चंबू, तडकलेल्या नळ्या, आणि कंडेन्सर तर विचारू नकोस. कंडेन्सर म्हणजे वाफ थंड करायची नळी. तिला बाजूला पाण्यासाठी दोन चोची असतात, त्यांवर रबरी नळी चढवायची. ती आधी पाण्यात बुडवून ओली करायची, मग अलगद फिरवत सरकवायची. हे राक्षस कोरडीच कोंबतात आणि चोच कटकन मोडते. एका पेटीत मी अकरा मोडक्या चोची मोजल्यात. त्या पोरांना कोणी विचारणारं आहे की नाही?

आणि आरसा? अकरा वर्षांत एक चोचसुद्धा नाही. एक चंबू नाही. याला म्हणतात शिस्त.

शिवाय माझा जिराफ तिथे आहे. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. माणसाच्या छातीएवढा उंच काचेचा खांब, आणि त्याच्या पोटात एकावर एक बारा मजले. प्रत्येक मजल्याच्या फरशीला सुईएवढी भोकं. खालून वाफ भोकांतून वर जाते, वरून पातळ द्रव बाजूच्या नळीतून खाली येतो. दोन पातळ गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या असल्या, तर तो त्यांना वेगळं करतो. तीन वेळा फुटला, चौथ्यांदा जमला. तसला मी पुन्हा केला नाही, आणि आता होणारही नाही, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. तो तिथे रोज चालत असेल, या एका विचारावर मी कितीतरी कंटाळवाण्या परीक्षानळ्या फुंकल्यात.

आरशात जा. दादा पहिल्यांदाच बरोबर बोलतोय. आणि जिराफाला भेटून ये.

आत्या


११ जून

आत्या,

शेपूट मिळालं. पेनांच्या डब्यात ठेवलंय.

काल आरशात जाऊन आले, कॉलेज बघायचा दिवस होता. फरशी इतकी गुळगुळीत की मी दोनदा घसरले. जिराफ भेटला. छान आहे. खूप चमकतो.

बाकी ठीक.

ठिणगी


१३ जून

ठिणगे,

चमकतो? अकरा वर्षं चालून चमकतो? म्हणजे प्रत्येक वेळी धुतात गं त्याला! बारा मजले आतून धुणं म्हणजे काय काम असतं, ते मला विचार. तिथल्या प्रयोगशाळेवाल्याचे पाय धरले पाहिजेत. मी आज दिवसभर गुणगुणतेय, शेजारचा सुतार दोनदा येऊन विचारून गेला की बरं आहे ना म्हणून.

एक सांगायचं राहिलं तुझं. तळाशी, पहिल्या मजल्याच्या खाली, तपकिरी डाग पडलाय ना? चहाच्या कपाला पडतो तसा? कितीही धुतला तरी चालत्या जिराफाला तो पडतोच, जात नाही. केवढा आहे? नखाएवढा की तळहाताएवढा?

भर अर्ज. कसली वाट बघतेस?

आत्या


१५ जून

आत्या,

डाग नाही.

मी तुला खरं लिहिलं नव्हतं. तीन कागद फाडले आणि मग ते "छान आहे, चमकतो" लिहिलं. चमकतो हे खरंच आहे. कारण तो कपाटात आहे. कपाटाला काच, काचेला कुलूप. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेले एक काका आहेत, त्यांना मी म्हटलं, हा माझ्या आत्यानं केलाय. ते म्हणाले, "हो का? फार नाजूक आहे. आम्ही कोणाला हात लावू देत नाही." मी म्हटलं, कधी चालवता? ते म्हणाले, "चालवायचा कशाला? फुटला म्हणजे?"

त्याच्या तोंडात तू घातलेला कापूस तसाच आहे, आत्या. गळ्यात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. "सावकाश. वरची बाजू वर."

प्रयोग ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. मुलं खुर्च्यांवर बसून आकृत्या काढतात. आकृत्या फार सुंदर होत्या. 

बाहेर आले आणि घरी न जाता तशीच जिन्यात गेले. तिथे त्या दिवशी बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, नेहमीचा तास चालू होता. जमिनीवर पाणी, सिंकमध्ये फेस, खिडकीत वाळत घातलेले नळ्यांचे ब्रश. निम्म्या पोरांच्या अंगठ्याला पट्टी. माझ्यासमोर एका मुलीनं कंडेन्सरची चोच मोडली. कटकन, तू लिहितेस तसंच. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. तर जाड चष्म्याच्या मॅडम आल्या, मोडका तुकडा उचलला, तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कुठून मोडली बघ. जोर कुठून लागला? दुसरी घे, पुन्हा लाव." एवढंच. दुसरा कंडेन्सर काढून दिला. त्याच्यावर जुना जोड होता, आत्या. तुझा. मी ओळखला.

मी दारात उभी होते तर त्या म्हणाल्या, "नुसती उभी काय राहतेस, ते स्टँड धर." मी पाऊण तास स्टँड धरून उभी होते. इतका मस्त पाऊण तास माझ्या आयुष्यात गेला नव्हता.

पण तूच म्हणतेस ते राक्षस आहेत. बाबा आरसा म्हणतात. तुम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आणि मी दुसऱ्या. आता काय करू?

ठिणगी


१८ जून

आत्या, तीन दिवस राहिले. रागवायचं असेल तर रागव, पण लिहून रागव.


१९ जून

ठिणगे,

रागावले नाही. दोन दिवस दुकान बंद ठेवलं होतं. सुतार म्हणाला आजारी आहेस का, मी म्हटलं हो, अकरा वर्षांपासून, आत्ता कळलं.

अगं, काय मूर्ख बाई मी! जिथून पेटी येत नाही तिथे काच जपतात, असं समजत बसले. डॉक्टरनं म्हणावं, या गावातून एकही पेशंट येत नाही, म्हणजे गाव ठणठणीत. आणि जाऊन बघावं तर गावात माणसंच नाहीत! आपल्या कामातली इतकी साधी गोष्ट मला कळू नये? काच दोनच ठिकाणी फुटत नाही. कपाटात, आणि आकृतीत.

मी लहानपणी घरातलं काय काय फोडलंय ते दादाला विचार. तो मला धांदरट म्हणायचा, अजून म्हणतो. फोडल्याशिवाय मी शिकलेच नसते. आणि त्याच पोरांना मी राक्षस म्हणत होते.

कालच जिन्याची नवी पेटी आली. या वेळी निराळ्या डोळ्यांनी बघितली. मोडक्या चोची चारच. तीन महिन्यांपूर्वी अकरा होत्या. तिथे कोणीतरी शिकतंय, ठिणगे. मी तुकडे बघत होते, पोरं बघितलीच नव्हती.

जिना. एका अक्षराचीही शंका नाही. माझं आधीचं मत केरात टाक.

दादाला मात्र फोनवर सांगू नकोस, स्पीकरवर त्याला नेहमी स्वतःचंच पटतं. तुझी पत्रंही यासोबत सुताराच्या हाती आजच पाठवतेय. ही सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेव आणि तिथून निघून जा.

आत्या


२० जून

ए धांदरट,

म्हणजे माझ्या पाठीमागे टपालखातं उघडलंत तुम्ही. काल संध्याकाळी चहाबरोबर ही पत्रांची चळत माझ्यापुढे आली आणि कन्या गायब. मी स्पीकर लावतो कारण मला एका कानानं कमी ऐकू येतं. हे तुम्हा दोघींना कधी सांगितलं नाही, आता सांगतो. हसू नका.

वाचून डोकं फिरलं. म्हटलं, लिफ्ट नाही, धड रंग नाही, पोरांच्या हाताला पट्ट्या, तिथे पोरगी पाठवू? सकाळपर्यंत नाहीच म्हणत होतो.

आज गुरुवारचं काम राहिलं होतं म्हणून आरशात गेलो. लिफ्टच्या आतली बटणांची पाटी उघडली, पुसायला घेतली. तुला सांगतो, बटणांसारखं खरं बोलणारं इमारतीत दुसरं काही नसतं. तळमजल्याचं बटण बोटांनी झिजून पांढरं झालंय. कँटीनच्या मजल्याचा आकडाच उडालाय, मी दोनदा बदललाय. ऑफिसच्या मजल्याचं झिजलंय. आणि पाचवा मजला, प्रयोगशाळांचा, त्या बटणावर, धांदरट, कारखान्यातून येताना असतो तो प्लॅस्टिकचा पापुद्रा अजून तसाच आहे. मीच बसवलंय ते बटण. आणि दर गुरुवारी मीच पुसतो ते, पापुद्र्यासकट! मला वाटायचं, काय चकचकीत राहिलंय बघा.

तू कापूस बघितला नाहीस, मी पापुद्रा बघितला नाही. आपण एका आईचीच.

तिथून उठलो आणि जिन्यात गेलो. बटणं नव्हती, मग पायऱ्या बघितल्या. प्रत्येक पायरी मधोमध बशीसारखी खोल. तिसऱ्या मजल्यापर्यंत. वरच्या मजल्यावरच्याही तेवढ्याच, प्रयोगशाळा तिथेच.

होकाराचा अर्ज मी स्वतः देऊन आलो. एक दिवस आधी. पसंती एक, जिना. पसंती दोन रिकामी.

तुझा दादा


२ सप्टेंबर

आत्या,

मोडली! पहिली चोच मोडली! या महिन्याच्या पेटीत वरून दुसराच कंडेन्सर, चिठ्ठी बांधलेला, तो माझा. नळी ओली केली होती गं, पण घाई केली, फिरवायच्या आधीच ढकलली. मॅडम म्हणाल्या, "जोर कुठून लागला?" मी म्हटलं, "आनंदातून." वर्गात हशा. मॅडम पण हसल्या, मग म्हणाल्या दुसरी घे, पुन्हा लाव.

माझ्या उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. आता मी इथली.

एक विचारायचंय. मागच्या खोलीत सात वर्षांचे वापरून झालेले ॲसिटोनचे कॅन पडलेत. ॲसिटोन म्हणजे आपण नखांचा रंग काढायला वापरतो ते. त्यात पाणी, रंग, काय काय मिसळलंय. टाकून देता येत नाही, वापरता येत नाही. मॅडम म्हणाल्या, वेगळं करायला चांगला खांब लागतो, तो कुठून आणायचा?  माझ्या डोळ्यांसमोर एकच कपाट होतं.

ठिणगी


१० सप्टेंबर

ठिणगे,

तुझी चोच जोडली. जोड मुद्दाम जाड ठेवलाय, ओळखू येईल.

मी आरशाला पत्र लिहिलं. गोड लिहायला बसले होते, जमलं नाही. असं लिहिलं: "अकरा वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक यंत्र दिलं होतं. तुम्ही ते शोभेचं केलंत. ते कामाला लागायला हवं. जिना कॉलेजला वापरायला द्या. फुटलं तर मी समर्थ आहे. न फुटता असंच पडून राहिलं, तर मात्र माझ्याकडे इलाज नाही." फक्त जिना कॉलेजचं पूर्ण नाव घातलं, तेवढी अक्कल आहे मला.

चार दिवसांत उत्तर आलं, एका ओळीचं. "नव्या पडद्यासाठी कपाट हलवायचंच आहे, घेऊन जावे."

पडद्यासाठी! असू दे. दादाला सांगितलंय. तो आणि सुतार जाऊन घेऊन येतील. सुतारानं त्याच्यासाठी पेटी बनवलीय, आत गादी घातलीय, त्याच्या स्वतःच्या पलंगावर नसेल अशी.

मी येणार नाही. आग्रह करू नकोस. अकरा वर्षं तो मनात चालत होता. माझ्यासमोर चालला नाही, तर मला ते झेपणार नाही. तुम्ही चालवा, आणि जे होईल ते लिही. या वेळी मात्र चमकतो वगैरे लिहू नकोस.

आत्या


२३ सप्टेंबर

आत्या,

ओळीनं लिहिते, नाहीतर शेवटच आधी लिहून टाकेन.

बाबा पेटी घेऊन दारात आले आणि त्यांनी सवयीनं भिंतीवर लिफ्टचं बटण शोधलं. मग माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. पोरं धावली धरायला. "कोणी हात लावायचा नाही," म्हणाले. पेटी उघडली, जिराफ लहान बाळासारखा दोन्ही हातांत घेतला आणि एकेक पायरी मोजत तीन मजले चढले. मी पुढे, सुतारकाका मागे, दोन्ही बाजूंनी पोरं हात पसरून, जणू राजाच चाललाय. वर पोचल्यावर बाबांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. म्हणाले, "तीस वर्षं लोकांना वर नेतोय. हातांवर आज पहिल्यांदा नेलं."

तोंडातला कापूस मी काढला. चिठ्ठी मॅडमनी काढली, वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

उभा केला. खाली चंबू, त्यात कॅनमधलं ते घाण पाणी. वर कंडेन्सर. माझाच, जाड जोडाचा. एक सीनियर रबरी नळी घेऊन पुढे झाला आणि कोरडीच कोंबायला लागला, तर बाबा अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "आधी ओली कर!" तो बिचारा इतका दचकला की नळीबरोबर स्वतःही भिजला. मॅडमनी बाबांना विचारलं, तुम्ही या विषयातले का? बाबा म्हणाले, "पत्रव्यवहारानं."

तापवायला लागलो. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं. काही नाही. मग पहिल्या मजल्यावर बुडबुडे. बाबा म्हणाले, "पहिला!" मग थांबलं. "अडकला का?" मॅडम म्हणाल्या, "दम धरा, मजला भरू द्या." दुसरा. तिसरा. चौथ्याला पोरंही मोजायला लागली. प्रत्येक मजल्यावर आधी नुसती वाफ, मग थेंब, मग पातळसं तळं, आणि मग ते तळं नाचायला लागायचं. सात. आठ. नवव्याला बाहेरच्या वर्गातले लोक आले. दहा. अकरा. मी बघितलं तर बाबा त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानानं जिराफाला ऐकत होते.

बारा!

आत्या, एवढा आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरून माणूस भांडायला आला, आणि तोही बघत उभा राहिला. बारा मजले, सगळे एकदम चालू. खालून वाफ वर, वरून थेंब खाली, कुठे धक्काबुक्की नाही. मग वरच्या नळीतून पहिला थेंब पडला. पाण्यासारखा स्वच्छ. थर्मामीटर छप्पन्नावर येऊन बसला आणि पाऊण तास हलला नाही. मॅडम म्हणाल्या, म्हणजे शुद्ध ॲसिटोन, भेसळ असती तर पारा भटकला असता. सात वर्षांची घाण, आणि त्यातून हे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हे बनवणाऱ्या बाईंना आमच्या पोरांना शिकवायला बोलवा. दर पंधरा दिवसांनी. काच कशी जोडतात ते. मी ऑफिसात बोलते." तेव्हा आता तुला यावंच लागेल, पळवाट नाही.

सगळं थंड झाल्यावर जिराफ धुतला. मीच धुतला, बाराच्या बारा मजले, दोन तास लागले. मग उजेडात धरला.

डाग पडलाय, आत्या. पहिल्या मजल्याच्या खाली. चहाच्या कपाला पडतो तसा. नखाएवढा.

ठिणगी


२५ सप्टेंबर

पुसू नका. मी येतेय.

आत्या